बसायच्या वेळी लेकरू किती हलतं, हे मोजायचं कसं

"मॅडम, हे पोट्टं एका जागी बसतच नाई जी. याले का झालं असंन?"

आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी आई दारात उभी राहून हे विचारतेच. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेची पहिली शिकवते. अंगणवाडी आमच्याच आवारात आहे, त्यामुळे तीन ते सात वर्षांची लेकरं दिवसभर डोळ्यांसमोर असतात. हल्ली या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडून येतो. "मोबाइलवर पाह्यलं, ते एडीएचडी म्हणतात, ते तर नसंन?"

एडीएचडी म्हणजे वयाच्या मानाने फार चंचलपणा, उतावळेपणा किंवा लक्ष न लागण्याचा त्रास. तो आहे की नाही, याचं उत्तर डॉक्टरच देऊ शकतात. पण डॉक्टरांसमोर लेकरू असतं दहा-पंधरा मिनिटं. नवी जागा, पांढरा कोट, सुईची भीती. गावात घर डोक्यावर घेणारं पोरगं तिथे आईचा पदर धरून गुपचूप बसलेलं मी स्वतः पाहिलंय. मग आई सांगते, "घरी लय धिंगाणा घालते." धिंगाणा म्हणजे नेमकं किती, कधी, कोणाच्या तुलनेत, हे सांगायला तिच्याजवळ काही नसतं. आपल्याजवळ मात्र रोजचे चार-पाच तास असतात आणि त्याच वयाची आणखी वीस लेकरंही. ते पाहणं आकड्यांत उतरवून एका पानावर लिहून दिलं, तर डॉक्टरांच्या हाती काहीतरी पडतं. ते पान कसं तयार करायचं, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. अंगणवाडी ताई, पहिली-दुसरीचे गुरुजी आणि मॅडम आणि घरी वेळ काढू शकणारे आईबाप यांच्यासाठी लिहिते आहे.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते, कारण बहुतेक चूक इथेच होते. लेकरू दिवसभरात एकूण किती धावलं, हे मोजून फार काही कळत नाही. मैदानावर सगळीच लेकरं धावतात. जिथे बाकीची बसलेली असतात, तिथे हे किती हलतं, ते मोजायचं.

हे माझ्या मनचं नाही. हालचाल यंत्राने मोजायचा एक प्रयत्न १९५९ सालचा आहे. तेव्हा अमेरिकेत शूलमन आणि रीझमन या दोघांनी आपोआप चावी भरली जाणाऱ्या मनगटी घड्याळात फेरफार करून ते मुलांच्या अंगावर बांधलं. लेकरू जितकं हलेल तितका काटा पुढे सरके. पुढे १९८३ मध्ये तिथल्याच राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी, ज्यांत ज्युडिथ रॅपपोर्ट होत्या, अतिचंचल मुलं आणि त्यांचे वर्गसोबती यांच्या अंगावर आठवडाभर हालचाल टिपणारं छोटं यंत्र ठेवलं. अतिचंचल मुलं एकंदरीत जास्त हलत होती, झोपेत आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा. पण फरक सगळ्यात ठळक दिसला तो वाचन-गणितासारख्या बसून करायच्या तासांना. म्हणून आपली मोजणीही त्याच तासांत करायची.

आधी वय पाहा, जन्मतारखेसकट

तीन वर्षांच्या लेकराला शिक्का मारू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी असावी. म्हणजे या वयात पळणं हेच लेकराचं काम आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा चार वर्षं पूर्ण झाल्यानंतरच्या मुलांसाठी आहेत. म्हणून चारच्या आतल्या लेकराची मोजणी करत बसू नका. त्याचं बोलणं, ऐकणं, चालणं वयाप्रमाणे आहे का तेवढं पाहा.

पहिलीच्या वर्गात जन्मतारीख आणखी महत्त्वाची. आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल पहिलीत येतं. म्हणजे एकाच सतरंजीवर जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरमध्ये जन्मलेलं लेकरू शेजारी बसतं आणि दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. सहा वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे केवढं झालं! कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही शाळाप्रवेशाची हीच तारीख आहे. तिथल्या नऊ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये असं दिसलं, की डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान मिळण्याचं प्रमाण जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त होतं आणि मुलींमध्ये ७० टक्क्यांनी. वर्गात लहान असणं हेच कित्येकदा आजार समजलं गेलं. म्हणून वहीत नावाच्या जागी खूण आणि त्याच्याशेजारी जन्मतारीख, हे पहिलं लिहायचं.

सोबती निवडा

ज्या लेकराबद्दल शंका आहे त्याला वहीत "अ" म्हणा. मग त्याच वर्गातली आणखी दोन लेकरं घ्या, "ब" आणि "क". अ मुलगा असेल तर दोघे मुलगे, मुलगी असेल तर दोघी मुली. जन्मतारखेत तीन महिन्यांपेक्षा जास्त फरक नको. बसायची जागा शक्यतो त्याच ओळीत. आणि वर्गातलं सगळ्यात शहाणं, गुपचूप लेकरू सोबती म्हणून घेऊ नका, मध्यम घ्या. वर्गात सगळ्यात शांत असलेल्याशी तुलना केली तर कोणीही अतिचंचलच ठरेल.

आमच्यासारख्या छोट्या शाळांमध्ये कधी पहिलीत मिळून चारच लेकरं असतात. तेव्हा बरोबर वयाचे सोबती मिळत नाहीत. मग जे आहेत ते घ्या आणि वयातला फरक पानावर लिहा. अशा वेळी लेकराची तुलना त्याच्या स्वतःशी करणं जास्त कामाचं ठरतं, त्याबद्दल पुढे सांगते.

मोजणीच्या आधी आईबापाला विचारायचंच. "लेकराचं लक्ष कसं लागते ते पाहायचं हाय, पाच दिवस वहीत लिहीन, वही कोणाले दाखवणार नाही," एवढं साध्या भाषेत सांगा. ब आणि क च्या घरीही सांगा. वहीचा फोटो गावच्या किंवा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. आपल्या गावात एकदा "वेडं" म्हटलं की ते नाव लग्नापर्यंत लेकराच्या मागे फिरतं.

घड्याळ आणि वही

लागतं काय? सेकंद काटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ, वही, पेन. बस.

पंधरा मिनिटांचा तास निवडा, ज्यात सगळ्यांनी बसून काहीतरी करायचं आहे: गोष्ट ऐकणं, चित्र रंगवणं, अक्षरं गिरवणं, गणित. तुम्ही बाजूला बसा, समोर नको. शिकवणाऱ्याने स्वतः मोजू नये, ते जमत नाही. अंगणवाडीत मदतनीस ताईंनी गोष्ट सांगावी आणि सेविका ताईंनी मोजावं, किंवा उलट. दोन शिक्षकांची शाळा असेल तर एकमेकांचा वर्ग पाहता येतो.

सेकंद काटा २ वर आला की अ कडे एक नजर टाका. ४ वर ब. ६ वर क. ८ वर पुन्हा अ, १० वर ब, १२ वर क. दर दहा सेकंदांनी एक नजर होते आणि प्रत्येक लेकराचे आकडे ठरलेले असल्यामुळे गोंधळ होत नाही. २ आणि ८ म्हणजे अ, कायम. एका मिनिटात प्रत्येकाच्या दोन नजरा, पंधरा मिनिटांत तीस.

नजर म्हणजे एक क्षण. त्या क्षणी जे दिसलं तेच लिहायचं. आधी काय केलं, नंतर काय करेल, ते सोडून द्या. खुणा तीनच:

० म्हणजे बसलेलं, हातपाय शांत.
१ म्हणजे जागेवरच चुळबूळ. पाय हलवणं, ढुंगण घासत सरकणं, सतरंजीचे दोरे काढणं, शेजाऱ्याला कोपर मारणं.
२ म्हणजे जागा सोडली. उभं, चालतं, आडवं किंवा दाराशी.

लिहिताना लिहिणारा हात हलणारच, तो धरू नका. दुसरा हात, पाय आणि धड पाहा. लेकराचे ओठ हलत असतील तर तेही धरू नका. बोलणं हा वेगळा विषय आहे, पाहिजे तर समासात टीप करा.

वहीत ओळ अशी दिसते:

अ: १ १ ० २ १ १ ० १ २ २ …
ब: ० ० १ ० ० ० ० १ ० ० …
क: ० १ ० ० ० १ ० ० ० १ …

पहिल्या दिवशी हात अडखळतो. सवय व्हायला एक-दोन दिवस लागतात, ते दिवस मोजणीत धरू नका. आणि एक दिवस दोघांनी मिळून, एकमेकांच्या वहीत न डोकावता, तेच पंधरा मिनिटं मोजा. मग ९० खुणा एकेक करून ताडून पाहा. किमान ७२ जुळल्या, म्हणजे ऐंशी टक्के, तर दोघांची नजर एक झाली असं समजा. त्याहून कमी जुळल्या तर "चुळबूळ कशाला म्हणायचं" यावर बसून बोला आणि पुन्हा मोजा. हा टप्पा मला फार महत्त्वाचा वाटतो. एखादं लेकरू आपल्याला त्रास देत असेल तर आपली नजर त्याच्या बाबतीत कडक होते, नकळत. दुसऱ्याची नजर त्याला चाप लावते.

कोणते दिवस, कोणता तास

शाळा उघडल्यावरचे पहिले चार आठवडे सोडून द्या. लेकरं अजून रडत असतात, घरी पळत असतात. तान्हा पोळ्याच्या आगेमागे मोजू नका. लाकडी बैलाच्या पुढे कोणाचं लक्ष पुस्तकात नसतं. गावच्या बाजाराचा दिवस नको. टिनाच्या छपरावर पाऊस कोसळत असेल तर नको. ताप, खोकला, खरूज असेल तर नको. मार्च-एप्रिलमध्ये ऊन चढलं की लेकरं गळून जातात आणि आकडे फसवतात, त्यामुळे तेही महिने टाळा. सप्टेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात बरा.

पाच दिवस, दिवसाआड चालेल, पण तास तोच ठेवा. सकाळचा पहिला तास आणि खिचडीनंतरचा तास यांत फार फरक पडतो, त्यांची भेसळ करू नका. जमलं तर दोन्ही वेळा वेगवेगळ्या पानांवर मोजा.

याच पाच दिवसांत आणखी दोन ठिकाणी एकेकदा मोजा: एक मैदानावर मोकळ्या खेळात, दुसरं लेकराला आवडणाऱ्या बसून करायच्या कामात, जसं मातीकाम, मणी ओवणं, ठोकळे. मैदानावर ० म्हणजे थांबलेलं, १ म्हणजे जागेवर हालचाल, २ म्हणजे पळणं-चालणं, असं लिहा.

बेरीज आणि तिचा अर्थ

समजा, पाच दिवसांत गोष्टीच्या तासाला अ च्या १५० नजरांपैकी १०४ वेळा १ किंवा २ निघालं. म्हणजे सुमारे ६९ टक्के. ब चे ४७, म्हणजे ३१ टक्के. क चे ५२, म्हणजे ३५ टक्के. मैदानावर मात्र ३० पैकी अ २७, ब २५, क २६. हे सगळे आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत, पण चित्र असंच पाहायचं. मैदानात तिघे सारखे आणि बैठकीत अ दुपटीने पुढे, तोही रोज. असं पान डॉक्टरांना दाखवण्यासारखं आहे.

पाचपैकी एकाच दिवशी आकडा उसळला असेल तर त्या दिवशी काय झालं ते शोधा. रात्री घरी भांडण झालं असेल, बाप दारू पिऊन आला असेल, लेकरू उपाशी आलं असेल.

किती टक्क्यांच्या वर गेलं की एडीएचडी? असा कोणताही आकडा ठरलेला नाही. यंत्राने मोजलं तरी नाही. निदानाला लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. २०१३ पासून जगभर वापरात असलेल्या डीएसएम-५ या निकषांप्रमाणे लक्ष न लागण्याची नऊ आणि अतिचंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणं आहेत. मुलांमध्ये दोन्हीपैकी एका गटातली किमान सहा लागतात, ती सहा महिने टिकलेली असावी लागतात, बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली असावीत, दोन किंवा जास्त ठिकाणी दिसावीत आणि त्यांनी लेकराचं शिकणं किंवा माणसांत वावरणं अडवलेलं असावं. आपली मोजणी या सगळ्यातल्या एका तुकड्याला आधार देते.

शिवाय एक मोठी उणीव तुम्हाला माहीत असायलाच हवी. एडीएचडीचा एक प्रकार असा आहे की त्यात लेकरू हलतच नाही, नुसतं हरवलेलं असतं. पाटी समोर, डोळे खिडकीबाहेर. मुलींमध्ये हा बरेचदा दिसतो आणि त्या कोणाला त्रास देत नाहीत म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाहीत. आपल्या मोजणीत अशा मुलीच्या ओळीत शून्यच शून्य येतील. तिच्यासाठी वेगळी खूण लागते: त्या क्षणी डोळे आणि हात कामावर आहेत की नाहीत. तीच दहा सेकंदांची पद्धत, फक्त "कामावर" आणि "कामाबाहेर" अशा दोन खुणा.

तो गोष्टीचा तास

काही वर्षांपूर्वी आमच्या अंगणवाडीत साडेपाच वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्याबद्दल मीच सगळ्यात जास्त तक्रार करायची. गोष्ट सुरू झाली की तो उठायचा, शेजारणीची वेणी ओढायचा, पाण्याच्या माठाकडे जायचा, तिथून हाक मारली तरी वळायचा नाही. मी त्याला माझ्या पायाशी बसवायचे, हात घडी करायला लावायचे. आज त्याचं वाईट वाटतं.

आम्ही मोजलं. गोष्टीच्या तासाला तीसपैकी चोवीस वेळा हलताना सापडला, त्याचे सोबती नऊ-दहा वेळा. मग मातीकामाच्या वेळी मोजलं. आठ. सोबत्यांच्या बरोबरीने! बैल करत होता, शिंगं बसवताना जीभ दातांत धरलेली, पंधरा मिनिटं मान वर नाही. बसता न येणारं लेकरू असं बसेल कसं? फरक ऐकण्यात आणि पाहण्यात होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्या डाव्या कानाजवळ तोंड नेलं. वास आला. आईला विचारलं तर म्हणाली, "कान तं वाहतेच जी त्याचा, पावसाळ्यात." दोन्ही कानांचे पडदे फाटलेले निघाले. गोष्ट त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती.

म्हणून वेगवेगळ्या कामांच्या वेळी मोजा म्हणते. लेकराची तुलना स्वतःशी करायची ती हीच. सगळ्याच बसायच्या कामांत आकडा मोठा येतो, की फक्त ऐकायच्या? की फक्त फळ्यावरून उतरवायच्या, म्हणजे नजर कमी असेल? की फक्त पुस्तकी मराठीत चाललेल्या कामात? मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणाऱ्या घरातलं लेकरू शाळेतल्या मराठीपुढे चुळबूळ करणारच. त्याच्या भाषेत गोष्ट सांगणारं कोणी मिळालं तर त्या तासाला पुन्हा मोजा.

आणखी तीन गोष्टी आईला विचाराच. रात्री घोरतं का, तोंड उघडं टाकून झोपतं का? टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेली असली की झोप मोडते, आणि झोप मोडलेलं मोठं माणूस पेंगतं तसं लेकरू पेंगत नाही, उलट ते बावचळतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास झोप लागते. वीज रात्री येते म्हणून बाप मोटार लावायला उठतो आणि त्याच्यामागे लेकरूही, अशा घरात ती मिळते का? दुसरं, ढुंगण खाजवतं का, जंत आहेत का. तिसरं, डोळे-नखं पांढरट आहेत का. रक्त कमी असलं तरी अस्वस्थपणा येतो. पण आपल्या भागात सिकलसेल आहे, तेव्हा तपासणी न करता स्वतःहून लोहाचं औषध सुरू करू नका. आणि लेकरू मध्येच काही सेकंद एकटक थिजतं, हाक ऐकत नाही आणि मग काही झालंच नाही असं पुढे चालू लागतं, असं दिसलं तर ते वेगळं लिहा. ती फिट असू शकते.

घरची मोजणी: तुरीचे दाणे

एडीएचडी शाळेत आणि घरी दोन्हीकडे दिसायला हवं. पण कापूस वेचणीच्या दिवसांत आई अंधार पडल्यावर वावरातून येते. तिला घड्याळ-वही देणं अन्याय आहे. तिच्यासाठी हे करा. लेकरू जेवायला बसलं की शेजारी एक रिकामी वाटी ठेवायची. ताटावरून उठलं की एक तुरीचा दाणा वाटीत. पुन्हा उठलं, पुन्हा दाणा. जेवण झालं की दाणे मोजून पुडीत बांधायचे, पाच रात्री, पाच पुड्या. जवळच्या वयाचं भावंड असेल तर त्याची दुसरी वाटी. घरी आजी असेल तर हे काम तिला फार छान जमतं. पुड्या शाळेत आणा, आकडे आपण लिहू. टीव्ही किंवा मोबाइल समोर असताना हे मोजू नका. त्यापुढे कुठलंही लेकरू खिळून बसतं.

घड्याळं, मोबाइल आणि खरी यंत्रं

"पावलं मोजणारं घड्याळ बांधलं तर?" हे शहरात नोकरी करणारे काका-मामा हमखास विचारतात. मी नको म्हणते. ते घड्याळ पावलं मोजतं, चुळबूळ नाही. सतरंजीवर पंधरा मिनिटं सरकत राहिलेल्या लेकराचं एकही पाऊल त्यात येत नाही, आणि ऑटोत गचके खात शाळेत आलेल्याची कधी कधी पावलं वाढलेली दिसतात. शिवाय नवं घड्याळ मिळालं की लेकरू ते हलवूनच पाहतं.

दवाखान्यात किंवा संशोधनात वापरतात त्या यंत्राला ॲक्टिग्राफ म्हणतात. आत ॲक्सेलेरोमीटर नावाची बारीक चिप असते. ती तीन दिशांतला वेगातला बदल सेकंदाला कित्येक वेळा टिपते. मेडिकल कॉलेजातून असं यंत्र कोणी बांधायला दिलं तर या गोष्टी सांभाळा. मनगटावर बांधायचं असेल तर ज्या हाताने लेकरू जेवत-लिहीत नाही त्या हातावर. कमरेला असेल तर करदोड्यासारखं घट्ट, लोंबतं नको. सात दिवस ठेवावं, त्यात शनिवार-रविवार यावेत. पहिला दिवस नव्या नवलाईचा असतो. आणि रोजची नोंद ठेवा: केव्हा काढलं, आंघोळ, झोपायची आणि उठायची वेळ, बैलगाडी, मोटारसायकल, ऑटो, झोका. ही नोंद नसेल तर बैलगाडीचे धक्के लेकराच्या नावावर जमा होतात.

यंत्र देणाऱ्यांना एक प्रश्न जरूर विचारा: मोजणीचा तुकडा किती सेकंदांचा ठेवलाय? लहान मुलांची हालचाल झटक्यांची असते. १९९५ मध्ये बेली आणि सहकाऱ्यांनी सहा ते दहा वर्षांच्या मुलांना पाहून लिहून ठेवलंय की जोरदार हालचालीचा झटका साधारण तीनच सेकंद टिकतो. मिनिटा-मिनिटाची बेरीज केली तर हे झटके सपाट होऊन जातात. पाच किंवा पंधरा सेकंदांचे तुकडे बरे. आपण वहीत दर काही सेकंदांनी पाहतो, त्यामागेही हेच कारण आहे.

मोबाइलचा मला दिसणारा चांगला उपयोग एकच: आईबापाच्या परवानगीने, बाजूला उभा करून, दहा मिनिटांची एक चित्रफीत. ती फक्त डॉक्टरांना दाखवायची आणि मग पुसून टाकायची.

पान घेऊन कुठे जायचं

२०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीच्या यादीत एडीएचडी आहे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं. या कार्यक्रमाचं, म्हणजे आरबीएसकेचं, पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी साठ-सत्तर लेकरांचं वजन-उंची करता करता डॉक्टरांना एका लेकरासाठी वेळ नसतो. म्हणून पान तयार ठेवा, हातात द्या आणि स्पष्ट म्हणा, "या लेकराला डीईआयसीला पाठवायचं आहे." डीईआयसी म्हणजे बालकांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं जिल्ह्याचं केंद्र. पथक येऊन गेलं असेल तर वाट पाहू नका. आशाताईंकडून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून चिठ्ठी घेऊन पुढे. नागपूरचं मेडिकल, एम्स, सेवाग्रामचं रुग्णालय इथे मानसोपचार आणि बालरोग दोन्ही विभाग आहेत. जाण्याआधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

तिथे काय होईल, याची आईबापाला आधी कल्पना द्या म्हणजे ते घाबरणार नाहीत. कान-डोळे तपासतील, प्रश्नावली भरून घेतील. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी इन्क्लेन या संस्थेने आपल्या देशातच तयार केलेलं निदानाचं साधन आहे. शाळेत जायच्या वयाआधीच्या लेकरांना सहसा पहिल्यांदा गोळी देत नाहीत. आईबापाला लेकराशी कसं वागायचं, सूचना कशी द्यायची, शाबासकी कधी द्यायची, हे शिकवतात.

तोवर वर्गात आपण काय करायचं? लेकराला बांधून बसवू नका, शब्दशः किंवा धाकाने. अमेरिकेत मार्क रॅपोर्ट यांच्या गटाने २००९ मध्ये आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांच्या मनगटाला आणि घोट्यांना ॲक्टिग्राफ बांधून पाहिलं, तर एडीएचडी असलेले मुलगे डोक्यात काही धरून ठेवायचं काम आलं की जास्त हलायला लागले आणि संगणकावर नुसतं चित्र काढताना त्या मानाने कमी. एडीएचडी नसलेलेही जड कामाच्या वेळी हलले, फक्त तितके नाहीत. हलणं कित्येकदा विचार करण्यासोबत येतं. म्हणून अ ला ओळीच्या टोकाला बसवा, उभं राहून गिरवायची मुभा द्या, दर दहा मिनिटांनी खडू आणायला, पाणी भरायला पाठवा. सूचना एका वेळी एकच, नाव घेऊन, डोळ्यांत पाहून.

हे सहा आठवडे करा आणि मग पुन्हा मोजा. तीच जागा, तोच तास, तीच गोष्ट-गिरवणं आणि तेच दोन सोबती. मधल्या काळात ब किंवा क शाळा सोडून गेला, होळीनंतर घरचे कामाला बाहेर गेले, असं आपल्याकडे होतंच. तेव्हा नवा सोबती घ्या, पण जुन्या आकड्याशेजारी तसं लिहून ठेवा आणि दोन्ही पानं एकत्र टाचून डॉक्टरांकडे द्या.